अक्काचं वेगळं अर्थिंग

धुळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाराच्या वर एक पांढरी पेटी आहे. गिझर ओला झाला, मिक्सरमध्ये पाणी गेलं, कुठे जरा करंट गळला, की ती खटकन पडते आणि सगळं घर गप्प होतं. मुलगा म्हणतो, आई, ही आहे म्हणून आपण निर्धास्त. मी मान डोलावते. पण ती पडली की माझ्या नाकात मिरचीचा खाट येतो, अगदी शिंक येईपर्यंत. सून विचारते, काय झालं हो? आता तिला काय सांगू. एका पेटीवरून मला खळं आठवतं, खळ्यापलीकडची पत्र्याची खोली आठवते, आणि त्या खोलीतून तरातरा येऊन माझ्या वडिलांना दरडावणारी त्यांची मोठी बहीण आठवते. "काही नाही, सर्दी झाली," म्हणते मी आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवते.

आमचं गाव शिंदखेड्याहून दोंडाईच्याकडे जाताना आडबाजूला. घर धाब्याचं. पुढे ओसरी, मग माजघर, मग चुलीची खोली, आणि मागे निघालं की मोठं खळं. खळ्याच्या पार टोकाला कापूस भरून ठेवायची पत्र्याची खोली. आत कापसाचा वास आणि बाहेर कडुलिंबाची सावली, म्हणून उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांना तिथे झोपायला हवं असायचं. घरात माय, वडील म्हणजे नाना, आणि मी. धाकटा भाऊ शिकायला जळगावला मामांकडे होता. माझं हायस्कूल संपलं होतं आणि पुढे काय हे ठरत नव्हतं, म्हणजे माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि ती मोडत होती. मोडली की मला बरं वाटायचं. मला घर सोडायचं नव्हतं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण असं सांगणारी मुलगी म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट. आज सांगते. त्या घरातून जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्याचं मोठं कारण अक्का होती.

अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण. नाना लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा अक्कानेच त्यांना वाढवलं. पुढे ती चाळीसगावला दिली. मूलबाळ नाही, नवरा गेला, दीर चांगले होते पण त्यांचं घर भरलेलं. एक दिवस संध्याकाळच्या बसमधून एक ट्रंक घेऊन ती उतरली आणि ओसरीवर येऊन म्हणाली, "नाना, मी उनी रे." नानांनी ट्रंक स्वतः उचलून आत नेली. नानांना मी दुसरं काही स्वतः उचलताना फारसं पाहिलेलं नाही.

पण एका चुलीवर दोन बायका, त्यातून दोघी बोलक्या. अक्काचा हात मिरचीला सैल, मायचा आखडता. मायची कळण्याची भाकरी जाड, अक्काची पापडासारखी. अक्का मुद्दाम काही बोलायची नाही, फक्त मायची भाकरी हातात धरून जरा वजन केल्यासारखं करायची. तेवढं पुरायचं. दिवसभर दोघींची भांडी आपटायची आणि रात्री नाना ताटावर मान खाली घालून जेवायचे. शेवटी अक्काच एक दिवस म्हणाली की मी त्या कापसाच्या खोलीत राहते. नानांचा चेहरा पडला. त्यातच सुरतेहून तिचा चुलतभाऊ देवराम आला. तो तिथे गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवायचा. आपल्याकडची पोरं आहेत, आपल्या हातचं जेवायला मिळेल, चल, असं तो तिला म्हणाला. अक्का नाही म्हणाली नाही. नुसतं, "देखसु," म्हणाली. त्या एका शब्दाने माझी झोप गेली.

मग नानांनी मिरची कांडायचा डंका आणला. दोंडाईच्याच्या बाजारात मिरची येते, आजूबाजूच्या दहा गावांतल्या बायका वर्षाचा मसाला फाल्गुन-चैत्रात करतात, आणि कांडायला त्यांना डोक्यावर पाट्या घेऊन लांब जावं लागायचं. अक्काला मिरचीची पारख होती. बोटांत चुरगाळून, वास घेऊन, ही रंगाची, ही तिखटाची, असं ती सांगायची. हाताला काम असलं तर बहीण राहील, हे नानांचं गणित होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. अक्काने त्या डंक्याभोवती एक फेरी मारली. मग पदराने त्याच्या लोखंडावरची धूळ पुसली. आम्ही काय समजायचं ते समजलो.

आता खोलीत वीज न्यायची. त्यासाठी सुपडूभाऊ वायरमन सायकलवरून आले. सुपडूभाऊ शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावायचे आणि चहा पिताना तो काढून बशीशेजारी ठेवायचे, जणू कुणी पळवून नेईल. ते ओसरीवर बसून म्हणाले, "नाना, दोन रस्ता शेतस." एक रस्ता असा की घराचं जे अर्थिंग आहे, त्याचीच तार बाकीच्या दोन तारांबरोबर खळ्यावरून खोलीपर्यंत न्यायची. दुसरा असा की खोलीला फक्त दोन तारा द्यायच्या आणि तिथे तिचं स्वतःचं अर्थिंग करायचं. म्हणजे छातीइतका खड्डा, त्यात पट्टी, भोवती कोळसा आणि खडे मिठाचे थर, आणि वरून पाणी. यंत्रात कुठे बिघाड झाला तर करंट माणसाच्या अंगातून न जाता त्या वाटेने जमिनीत जातो, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं, कारण मी मधे मधे विचारत होते. "पन एकच ठेवं तं तठे काही बिघडनं की आठेबी झटका लागी," असंही ते म्हणाले होते. हे मला स्पष्ट आठवतं.

नानांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "घर एक शे, मग अर्थिंगबी एकच राही. मनी बहीण काय भाडेकरू शे का, तिले अलग कराले?"

सुपडूभाऊंनी चहा संपवला. आमच्याकडचा चहा त्यांना आवडायचा आणि नानांशी वाद घालायची त्यांची हौस नव्हती. त्यांनी खळ्यात बांबू पुरले आणि तीन तारा ओढल्या. नाना खाली उभे राहून त्या तिसऱ्या तारेकडे बघत होते. आमच्याकडे घर वेगळं होतं तेव्हा आधी चूल वेगळी होते, मग पाणी, मग वाट. नानांनी हे सगळं माझे काका वेगळे झाले तेव्हा पाहिलं होतं. बहिणीची खोली वेगळी झाली ते त्यांनी गिळलं, पण जमिनीत जाणारी तारही वेगळी म्हणजे त्यांना वाटणीच वाटली. मायेपोटी माणूस असा अडून बसला की त्याला शास्त्र सांगून उपयोग नसतो, हे मला पुढे संसारात बऱ्याचदा कळलं.

फाल्गुन लागला आणि डंका सुरू झाला. तो आवाज मी कशाशीही बदलणार नाही. धबड धबड धबड, सकाळपासून उन्हं तापेपर्यंत. बायका पाट्या घेऊन यायच्या, चपला बाहेर काढायच्या, सारवलेल्या जमिनीवर गोल करून बसायच्या. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी, आणि तशातही तोंडं बंद नाहीत. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचे जावईबापू रुसून बसले, सगळं मिरचीबरोबर कांडून निघायचं. अक्का डंक्याजवळ उभी, हात कोपरापर्यंत लाल. मी चाळायला बसायचे. दुपारी काम थांबलं की कानात एकदम पोकळी व्हायची आणि मग होल्याचं घुमणं ऐकू यायचं. अक्का ताज्या मिरचीत लसूण आणि मीठ ठेचून, वर कच्चं तेल सोडून, माझ्यापुढे भाकरी ठेवायची. ठसका लागला की पाठीत धपका घालून म्हणायची, "खाय, खाय. सासरी असं कोन दी?" मी आजही ठेचा करते. मिक्सरमध्ये होतो, लाल होतो, तिखटही होतो. धपका मात्र मिळत नाही.

चैत्र संपत आला तेव्हा ते झालं. शेजारच्या सरूबाई अनवाणी आत आल्या. जमीन नुकती सारवलेली, ओली. त्यांनी कांडलेली मिरची घ्यायला वाकून डंक्याच्या पत्र्यावर हात टेकला आणि, "मरी गयी वं माय!" म्हणून मागे फेकल्या गेल्या. पातेलं उलटलं, मिरची खोलीभर उडाली, सगळ्या बायका शिंकत, खोकत, आंधळ्यासारख्या दाराकडे धावल्या. अक्काने भिंतीवरचं बटण बंद केलं. सरूबाईंना काही झालं नव्हतं, हात तेवढा बधिर झाला होता, पण त्या रडत होत्या आणि मुख्य म्हणजे सांगत होत्या. आणि त्याच वेळी घरातून मायची किंकाळी आली होती. ती ओल्या हाताने ओसरीवरचा पंखा सरकवत होती, त्याची जाळी तिला चावली. खोलीतल्या यंत्राचा बिघाड त्या तिसऱ्या तारेवरून, खळं ओलांडून, घरात येऊन पोहोचला होता. सुपडूभाऊंनी सांगितलं होतं अगदी तसं.

माय पदर खोचून खळ्यात आली. तिचा राग मला कळत होता आणि पटत नव्हता, दोन्ही. "अक्का, तुमनी मिरची मना घरमा झोंबस," ती म्हणाली.  मग माय नानांकडे वळून म्हणाली की ती तार आत्ताच्या आत्ता तोडा, त्यांचं तिकडे राहू द्या आणि आमचं इकडे. नाना म्हणाले, तार तुटणार नाही. माय म्हणाली, मग मी मेले तर चालेल? असं दोघं भरदुपारी खळ्यात उभे राहून भांडले आणि सगळं गाव कान देऊन ऐकत होतं.

त्यानंतर डंक्यावर कुणी आलं नाही. सरूबाईंच्या तोंडून गोष्ट गावभर फिरताना वाढत गेली आणि शेवटी त्या मरता मरता वाचल्या इथपर्यंत गेली. खोली गप्प झाली. सकाळी तो आवाज नाही म्हटल्यावर मला अंथरुणातून उठावंसंच वाटेना. अक्का दारात बसून राहायची, हातांवरचा लाल रंग फिका होत चाललेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. लेकी माहेरी यायच्या, झाडांना झोके बांधले जायचे, देवरामही सुरतेहून येणार होता. एका सकाळी मी गेले तर अक्काने ट्रंक खाटेवर घेतली होती आणि लुगडी घड्या करून आत ठेवत होती. मी म्हटलं, "अक्का, कुठे?" ती म्हणाली, "कोठेच नही. उन दाखाडी राह्यनू कपडास्ले." ती खोटं बोलायला लागली की तिच्या बोलण्यात उगाच घाई यायची. मी बाहेर येऊन कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून रडले. ती गेली तर माझं या घरात कोण उरतं, असं मला तेव्हा वाटलं. आई-वडील असताना असं वाटणं बरोबर नव्हे, पण वाटलं ते वाटलं.

सुपडूभाऊंना नानांनीच बोलावलं. त्यांनी मोटार उघडली तर आत मिरचीची भुकटी दमट होऊन थापली होती. ती साफ केली, वाइंडिंगला वार्निश लावलं. पण ते म्हणाले, मोटार आज चांगली आहे, उद्या पुन्हा बिघडेल, तेव्हा करंटला वाट पाहिजे. मग त्यांनी होल्डरला बल्ब लावून दोन तारा काढल्या, एक चालू तारेला लावली आणि दुसरी घरामागच्या अर्थिंगला. जमीन चांगली असेल तर बल्ब लखलखला पाहिजे. आमचा बल्ब नुसता आत लाल झाला, विझत आलेल्या उदबत्तीएवढा. सुपडूभाऊंनी नानांना हात धरून घरामागे नेलं. आमची जमीन काळीभोर, कापसाची. लोक तिचं कौतुक करतात आणि आम्हीही करायचो. नानांच्या वडिलांनी अर्थिंगसाठी जागा दाखवताना सगळ्यात काळी माती बघून दाखवली होती. पण काळी माती उन्हाळ्यात आक्रसते. अर्थिंगच्या पट्टीभोवती एवढी भेग पडली होती की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. माती पट्टीला सोडून लांब गेली होती. "पानी कोन टाकस?" सुपडूभाऊंनी विचारलं. कुणीच टाकत नव्हतं. पहिली एकदोन वर्षं माय टाकायची. मग पाणी भरायला विहिरीपर्यंत जावं लागायला लागलं, आणि प्यायचं पाणी मातीत कोण ओतील?

"तर मग याच्यातच रोज पाणी टाकू," नाना म्हणाले. तार तोडायची नाही, हे त्यांच्या मनातून जातच नव्हतं. माय म्हणाली, "टाका. तुम्हीच भरीसन आना." सुपडूभाऊंनी टेस्टर खिशातून काढला, परत लावला. आणि मग अक्का आली. ती तोवर खोलीच्या दारातून सगळं बघत होती. ती तरातरा खळं ओलांडून आली, नानांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तोड ती तार."

नाना म्हणाले, "अक्का, तूबी?"

"वायर तोडी टाकी म्हनीसन नातं तुटस का रे? येडा शे तू. लहानपनपाईन येडा शे." मग तिने आवाज खाली आणला. "मना दोष मना घरमा राहू दे, नाना. तो तुन्हा घरमा काबर येवा? मायेर माले पाहिजे, पन असं नही."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मायच्याही आलं असावं, कारण तिने चेहरा वळवला. अक्काने कुणाला सावरायला वेळच दिला नाही. सुपडूभाऊंना ती म्हणाली, माझं वेगळं अर्थिंग माझ्या दाराशी करा. ते म्हणाले, करतो, पण इथे पाणी लागेल, रोज, नाहीतर याच्याही भेगा पडतील. प्रश्न तिथेच आला. एवढ्या उन्हाळ्यात खळ्याच्या टोकाला पाणी कोण नेणार? अक्काने इकडेतिकडे पाहिलं. आमच्या मागच्या दाराशी एक मोठी काळी शिळा होती. शेतातून आलं की सगळे तिच्यावर उभे राहून हातपाय धुवायचे, जेवायच्या आधी हात धुवायचे, जेवल्यावर चूळ भरायचे. पाणी तसंच धुळीत जायचं. अक्काने त्या शिळेकडे बोट केलं. "ती उचला नी मना दारशी ठेवा. खड्डावर. बठ्ठा जन आठेच हात धोवतीन. धोयेल पानी शे, ते तं असंच वाया जास."

"म्हंजे हात धोवाले मी एवढं खळं तुडवू?" माय म्हणाली.

"तुडव. तेवढंच तुनं तोंड दिखी."

सुपडूभाऊ मोठ्याने हसले आणि मग मायकडे बघून खोकायला लागले.  मायने फक्त, "चुलीवर वरण शे," असं म्हटलं आणि आत गेली. आमच्याकडे मायचा होकार असाच असायचा.

मग खड्डा खणला. कोळसा मायच्या चुलीतला आणि लोहाराकडचा, मीठ नानांनी शिंदखेड्याहून आणलं. सुपडूभाऊ पट्टीभोवती थर देत होते, एक कोळशाचा, एक मिठाचा, मधे शेतातली चाळलेली माती, आणि अक्का वर उभी राहून, "मीठ कमी पडनं," असं भाजीला म्हणावं तसं म्हणत होती. शिळा आणायला चार माणसं आणि दोन पहारी लागल्या. नाना पाचवे. बांबूंवरची तिसरी तार सुपडूभाऊंनी पक्कडने तोडली तेव्हा नाना तिकडे बघत नव्हते, शिळा ढकलत होते. शिळा जागेवर बसली आणि अक्का आत जाऊन भरलेली घागर घेऊन आली. पहिले हात तिने नानांना धुवायला लावले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सुपडूभाऊंनी पुन्हा बल्ब लावला. खळ्यात निम्मं गाव जमलं होतं, सरूबाई सगळ्यात पुढे, मात्र पायांत चपला घालून. तार नव्या अर्थिंगला टेकवली आणि भर दुपारच्या उन्हातसुद्धा बल्ब असा पेटला की बघवेना. "दिवा कसा लखलख करी राह्यना देखा!" सुपडूभाऊ ओरडले. अक्काने डंका सुरू केला, दोन्ही पावलं ओल्या जमिनीवर ठेवली आणि उघडा हात त्याच्या पत्र्यावर ठेवला. काही झालं नाही. ती तशीच उभी राहिली, आम्हा सगळ्यांकडे बघत. सरूबाईंनी हळूच चपला काढल्या. धबड धबड सुरू झालं आणि मी इतकी हसले की मिरचीच्या खाटाने रडायला लागले.

देवराम आखाजीला आला. खापरावरचे मांडे आणि आमरस पोटभर खाल्ला. झोक्यावरच्या पोरींना दोन झोके दिले. जाताना त्याने, "अक्का, निघनी का?" असं विचारलं. अक्का पीठ चाळत होती. "आते कोठे निघू? मना अर्थिंगले पानी कोन टाकी?" ती म्हणाली. तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याला अर्थात काही कळलं नाही.

ती दुपार मला परत मिळावी, कुठलीही एक, एवढंच आता मागणं उरलंय. उन्हं माथ्यावर आली की डंका थांबायचा. नाना शेतातून यायचे ते सरळ खळं ओलांडून अक्काच्या दारी. माय पीठ लागलेल्या हातांनी यायची, तोंडाने कुरकुरत. अक्का तांब्याने पाणी घालायची, एकेकाच्या हातावर, बारीक धारेने, आणि त्यातच बोलणं व्हायचं. नानांना ऊन लागलंय का, मायचा गुडघा दुखतोय का, माझ्या स्थळाचं काय झालं. घरात ज्यांची भांडी आपटायची त्या दोघी तिथे शिळेवर उभ्या राहून एकमेकींच्या बांगड्यांवरचं पीठ पुसायच्या. पाणी शिळेवरून खाली झिरपायचं. आजूबाजूच्या सगळ्या जमिनीला भेगा पडायच्या आणि तेवढा तुकडा काळा, ओला राहायचा. त्याच्या कडेला अक्काने पुदिना लावला होता. मिठातही तो कसा जगला कोण जाणे. आम्ही जेवायला परत घराकडे निघालो की अक्काही आमच्या मागे यायची, जेवायला. वेगळी चूल तिने कधी मांडली नाही. हे सगळं तिने शिळेकडे बोट करताना ठरवलं होतं का, हे मी तिला विचारायचं राहून गेलं. माझी खात्री आहे की ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. मी जाताना अक्काने माझेही हात त्या शिळेवर धुतले, हळदीचे, आणि पाठीत धपका घातला. मग वर्षं गेली. नाना गेले. मोटार पुन्हा जळाली, तोवर गावात दुसऱ्या गिरण्या झाल्या होत्या, भावाने डंका भंगारात दिला. अक्का त्यानंतर फार जगली नाही. ती गेली त्या वेळी मी लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे होते, मला उशिरा कळवलं. माय एकटी त्या घरात राहिली. शहरात यायला तिने शेवटपर्यंत नकार दिला, आम्ही तिला हट्टी म्हणायचो. मी जायचे तेव्हा सकाळच्या बसने जायचे आणि संध्याकाळच्या बसने यायचे, डबा सोबत. तेवढ्यात काय दिसतं कुणाचं.

माय जाऊन दोन पावसाळे झाले. गेल्या उन्हाळ्यात भाऊ म्हणाला, घराचं काय करायचं ते एकदा बघून ये. घराला कुलूप होतं. खळ्यापलीकडच्या खोलीत आमची शेती करणारं जोडपं राहतं, सातपुड्यातलं, शिरपूरच्या वरचं. तिचं नाव रेलीबाई. मी घर उघडून, जाळी झाडून, धुळीने भरलेले हात घेऊन मागच्या दारी आले आणि तिथल्या नळाकडे वळले. आता आमच्याकडे नळ आहे, दारातच. रेलीबाईने लांबूनच हाक मारली.

"अक्का, हात आठे धोवा!"

मी गर्रकन वळले. मग लक्षात आलं की ती मलाच अक्का म्हणतेय. पांढरे केस झाले की सगळ्याच अक्का. मी खळं ओलांडलं. शिळा होती. भोवतीची जमीन फाटलेली आणि तेवढा तुकडा काळा, ओला. मी तिला म्हटलं, तिथे नळ आहे ना, मग इथे कशाला? ती म्हणाली की आम्हीही इथेच धुतो. आम्हाला मोठ्या मायने, म्हणजे माझ्या मायने, सांगितलं होतं, हात इथेच धुवायचे, नाहीतर अक्का रागावेल.

"यंत्र होतं तेव्हा?" मी विचारलं. "डंका होता तेव्हाची गोष्ट असेल."

"कसाना डंका? आम्हीन तं काही देखं नही. खोली खालीच व्हती." ती तांब्या भरून घेऊन आली. "मोठी माय रोज ये. दुपारले, जेवाना आगोदर. भित धरी-धरी, मंग काठी टेकीसन. चालता ये ना तिले. मी सांगू, माय, मी पानी आनस तठे. तं ती म्हने, नही, अक्का वाट देखी राह्यनी व्हई."

मी चपला काढल्या आणि शिळेवर उभी राहिले. रेलीबाईने बारीक धार धरली.